आधी गाडीचे तोंड फिरवून लावा

प्रश्न : मी निफाड तालुक्यात द्राक्षे आणि भाजीपाला करतो. माझ्याकडे २००९ सालची डिझेल पिकअप आहे. साधा मेकॅनिकल पंप आहे, कॉमन रेल (नव्या गाड्यांतली जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) नाही. ३,४०,००० किलोमीटर झाले आहेत. दिवाळीनंतर ही गाडी सकाळी सुरू व्हायला फार त्रास देते. सेल्फ जोरात फिरतो, पण पंधरा-वीस सेकंद काहीच होत नाही, धूरही येत नाही. मग पांढरा धूर सोडत, लंगडत सुरू होते आणि मिनिटभराने सुरळीत चालते. एकदा सुरू झाली की दिवसभर चावी फिरवताच सुरू होते. वाशी मार्केटला गेलो की तिथे पहाटे त्रास देत नाही, फक्त घरी देते. बॅटरी नवी टाकली, चारही नोझल करून घेतले, तरी फरक नाही. गाडी रात्री शेडमध्ये असते. आत शिरताना चढ आहे, त्यामुळे चाकाला दगड लावावा लागतो. आता मिस्त्री म्हणतो की कॉम्प्रेशन गेले आहे, हाफ इंजिन करावे लागेल, आणि ७०,००० रुपये सांगतो. गाडी ताकदीला चांगली आहे, कसारा घाट आरामात चढते. काय करावे?

उत्तर : हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन खोलून रिंगा-लायनर बदलण्याचे, काम तूर्त थांबवा. मिस्त्रीचे म्हणणे निराधार आहे असे नाही; इतकी चाललेल्या इंजिनाच्या रिंगा आणि लायनर झिजलेले असणे अगदी शक्य आहे, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, उतरलेले इंजिन थंडीत उशिरा सुरू होते हेही खरे आहे. परंतु तुम्ही पत्रात ज्या खुणा लिहिल्या आहेत, त्यांवरून तो निष्कर्ष निघत नाही. दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात आणि माझ्या मते साऱ्या पत्राचा जीव त्या दोन गोष्टींतच आहे : पहिली पंधरा-वीस सेकंद धूर अजिबात येत नाही, आणि गाडी रात्रभर चढावर उभी असते.

आधी धुराचे पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या साधारण सतराव्या-अठराव्या हिश्शात दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापते, आणि अशा तापलेल्या हवेत नोझलने उडवलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून इंजिन सुरू होण्यासाठी ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा पुरेशी तापली पाहिजे आणि डिझेल वेळेवर आत पोहोचले पाहिजे. कॉम्प्रेशन कमी असेल, पंपाची डिझेल सोडण्याची वेळ (टायमिंग) मागे पडली असेल किंवा सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लग जळले असतील, तर डिझेल आत जाते पण पेटत नाही. ते न जळलेले डिझेल सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर दिसू लागतो. हा धूर सेल्फ फिरू लागल्यापासून काही सेकंदांतच दिसतो. याउलट इंजिन जोरात फिरत आहे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काहीच नाही, याचा अर्थ आत डिझेलच पोहोचलेले नाही. तुमच्याकडे नेमके हेच घडते आहे. पंधरा-वीस सेकंद नळ्यांमधली हवा ढकलण्यात जातात, मग एखाद्या सिलिंडरला डिझेल मिळते, नंतर दुसऱ्याला; म्हणून पांढरा धूर, म्हणून लंगडणे, आणि उरलेली हवा निघून गेली की सारे सुरळीत. पंपाचे काम करणारे कारागीर याला ‘गाडीने एअर धरली’ म्हणतात.

ही हवा दिवसा का धरली जात नाही, असे तुम्ही विचाराल. डिझेलची टाकी चासीला, खालच्या बाजूला असते आणि पंप व फिल्टर तिच्यापेक्षा उंचावर असतात. इंजिन बंद केल्यावर टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेलचा जो स्तंभ उभा असतो, तो वरून हवा आत येत नाही तोवरच टिकतो. लहानपणी पाण्यात बुडवलेल्या नळीचे वरचे टोक बोटाने दाबून नळी उचलली तर पाणी आतच राहायचे आणि बोट काढले की खाली पडायचे, तोच हा प्रकार आहे. वरच्या बाजूला कोठेतरी केसाएवढी फट असेल तर रात्रभरात हवा आत झिरपते आणि डिझेल हळूहळू टाकीत उतरते. दिवसा अर्धा-एक तास गाडी उभी राहिली तर तेवढ्यात फारसे डिझेल उतरत नाही आणि चावी फिरवताच गाडी सुरू होते. आता यात शेडचा चढ मिळवा. गाडीचे तोंड वर असेल तर पंप टाकीच्या मानाने आणखी उंच जातो, स्तंभावरचा ताण वाढतो आणि डिझेल अधिक लवकर उतरते. टाकीत डिझेल कमी असेल तर त्यातही भर पडते. गाडी टाकी भरलेली असताना कमी त्रास देते का, हे आठवून पाहा.

अशा फटीतून बाहेर डिझेल गळताना दिसत नाही, आणि बहुतेक मिस्त्री येथेच चुकतात. इंजिन चालू असताना टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ‘एक थेंबसुद्धा गळत नाही, मग हवा कुठून येणार’ हे वाक्य मी गॅरेजांत इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालत नाही. मीही एकदा जुन्या गाडीचा पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला होता. तो जसाच्या तसा परत आला आणि दोष शेवटी फिल्टरच्या डोक्यावरील एका तांब्याच्या वायसरमध्ये निघाला. पंप खोलण्याची मजुरी गेली ती गेलीच.

आता वाशीबद्दल. घरी त्रास होतो आणि वाशीला होत नाही, हा तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यावरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही, कारण दोन ठिकाणी एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे हवा : निफाडला हिवाळ्यातील काही पहाटे पारा पाच-सहा अंशांच्याही खाली जातो, आणि खाडीकाठच्या वाशीत तसा गारठा पडत नाही. दुसरी म्हणजे वेळ : मार्केटला तुम्ही मध्यरात्रीनंतर पोहोचत असाल आणि पहाटे किंवा सकाळी निघत असाल, म्हणजे गाडी चार-पाच तासच उभी राहते, इंजिन पुरते गारही होत नाही, घरी ती दहा-बारा तास उभी असते. तिसरी म्हणजे जमीन : तेथे गाडी सपाटीवर असते. कॉम्प्रेशनचा दोष पहिल्या दोन गोष्टींनी वाढतो. हवा धरण्याचा दोष तिन्हींनी वाढतो. म्हणून वाशीचा पुरावा दोन्ही बाजूंना चालतो, आणि मिस्त्रीने त्याचा अर्थ कॉम्प्रेशनच्या बाजूने लावला असेल तर त्याला पूर्ण दोष देता येणार नाही.

तीच गोष्ट कसारा घाटाची. निफाडहून वाशीला जाताना तुम्ही तो घाट माल भरून उतरता आणि परतताना चढता. परतीचे भाडे नसेल तर गाडी रिकामी असते, आणि रिकामी गाडी घाट आरामात चढली म्हणजे इंजिन ठणठणीत आहे असे होत नाही. ताकदीचा अंदाज घ्यायचा असेल तर भरलेल्या गाडीने नेहमीच्या चढावर पूर्वी कोणता गिअर पडत होता आणि आता कोणता पडतो, याची तुलना करा.

थंडी, वेळ आणि जमीन या तिन्ही कारणांची गुंतागुंत सोडवायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली पाहिजे, आणि त्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे गाडीचे तोंड. तीन रात्री गाडी शेडमध्ये उलटी, म्हणजे रिव्हर्स घेऊन, तोंड उताराकडे करून लावा. हँडब्रेक ओढा, दोन्ही बाजूंच्या पुढच्या चाकांना पुढून दगड लावा, आणि सकाळी गाडी ढकलून किंवा उतारावर सोडून नव्हे, तर सेल्फनेच सुरू करा; उतारावरून सोडून सुरू केली तर प्रयोगाला अर्थ राहणार नाही. त्याच थंडीत, तितकेच तास उभी राहूनही गाडी चार-पाच सेकंदांत सुरू झाली तर दोष डिझेलच्या वाटेत आहे, हे जवळजवळ पक्के समजा. काहीच फरक पडला नाही तर हवेची शंका पूर्णपणे फिटत नाही, पण कमी होते.

चौथ्या रात्री गाडी पुन्हा नेहमीसारखी चढावर लावा आणि सकाळी चावी फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून फिल्टरजवळचा किंवा फीड पंपावरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप, मारा. सुरुवातीला तो हाताला पोकळ, हलका लागला आणि वीस-पंचवीस वेळा मारल्यावर घट्ट झाला, तर नळी रिकामी झालेली होती. त्यानंतर सेल्फ मारताच गाडी सुरू झाली, तर आणखी पुरावा नको. प्रायमर पहिल्याच दोन-तीन झटक्यांत घट्ट लागला आणि तरीही गाडीने पंधरा-वीस सेकंद घेतली, तर मात्र माझा तर्क चुकला असे समजून पुढे सांगितलेल्या स्टॉप सोलेनॉइडकडे वळा.

हवा कोठून शिरते हे शोधणे हेच या कामातील खरे कष्टाचे काम आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामधला नळीचा तुकडा काढून तेथे तात्पुरती डिझेलला चालणारी पारदर्शक नळी बसवून घ्या. संध्याकाळी गाडी बंद करताना ती काठोकाठ भरलेली दिसली पाहिजे. सकाळी ती अर्धी रिकामी असेल तर गुन्हेगार समोर आला. इंजिन चालू असताना तिच्यातून सतत बारीक बुडबुडे जात असतील तर फट मोठी आहे. फिल्टर बदलल्यावर सुरुवातीला थोडे बुडबुडे दिसणे स्वाभाविक आहे, त्यावरून घाबरू नका.

यानंतरची तपासणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून पंपापेक्षा उंचावर, सायलेन्सर आणि वायरिंगपासून दूर, पक्का बांधा. टाकीतून येणारी नळी टाकीजवळ सोडवून ती या कॅनला जोडा आणि परतीची नळीही याच कॅनमध्ये सोडा. आता नळीत ओढीऐवजी वरून दाब आहे, त्यामुळे ज्या सांध्यातून एरवी हवा आत जात होती त्याच सांध्यातून डिझेल बाहेर पाझरेल. रात्रभर गाडी अशीच ठेवा; प्रत्येक जोडावर आधी कोरडा कागद किंवा पांढरे फडके गुंडाळून ठेवले तर सकाळी डाग पडलेला जोड आपोआप सापडतो. गाडी पटकन सुरू झाली आणि कोठेही ओल दिसली नाही, तर दोष टाकीच्या आतल्या उचल-नळीत किंवा तिच्या जोडात आहे. ही नळी वरच्या अंगाला गंजून भोक पडलेली असेल तर टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास वाढतो. असे होते का, ते तुम्हीच सांगू शकाल.

माझ्या अनुभवात फटी सापडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. रबरी नळ्या पंधरा वर्षांत कडक होतात, वाकवल्या की बारीक तडे दिसतात, आणि क्लिप आवळली तरी कडक रबर जोडावर बसत नाही. थंडीत असे रबर आणखी आखडते. तुमचा त्रास दिवाळीनंतरच का सुरू झाला, याचे हे एक सरळ कारण असू शकते. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग डोक्यालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते, हाही नेहमीचा प्रकार आहे. हँड प्रायमरच्या दांड्याभोवतीचे सील झिजते. तेथे बोट फिरवून ओलसर, धुळीने माखलेला थर लागतो का पाहा. ज्या पोकळ बोल्टांतून डिझेल वाहते त्यांच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. ते एकदा दाबले गेले की कडक होतात आणि पुन्हा तेच बसवले तर नीट बसत नाहीत. नवे मिळत नसतील तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकल्यावर तांबे पुन्हा मऊ होते, पण चार नवे वायसर आणणे हाच शहाणपणा. तुम्ही नुकतेच नोझल करून घेतले आहेत, तेव्हा नोझलांवरून जाणाऱ्या परतीच्या बारीक नळ्या आणि त्यांचे वायसर जुनेच बसवले आहेत का, हे त्या कारागिराला विचारा. काही गाड्यांत ही परतीची वाट फिल्टरच्या डोक्याला जोडलेली असते आणि हवा तेथूनही शिरते.

काही ठिकाणी नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून देतात. डिझेल मागे उतरत नाही आणि गाडी सकाळी सुरू होते हे खरे, पण फट तशीच राहते आणि पुढे गाडी चालताना हवा ओढू लागते. हंगामात चार दिवस निभवायला ठीक आहे. कायमचा इलाज म्हणून मी तो सुचवणार नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या सर्व रबरी नळ्या, क्लिपा, फिल्टर, ओ-रिंगा आणि वायसर एकदाच बदलून टाकले तरी तो खर्च तुमच्या मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेचा लहानसा अंश असेल, आणि या वयाच्या गाडीत ते काम कधी ना कधी करायचेच असते.

सेल्फ जोरात फिरतो असे तुम्ही लिहिले आहे, पण ते कानाने ठरवलेले आहे, म्हणून एवढे मोजून घ्या. क्रँकच्या पुलीवर खडूने रेघ मारा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण करून फेरे मोजा. दहा सेकंदांत तीसच्या आसपास किंवा जास्त फेरे झाले तर वेग पुरेसा आहे. वीसच्या खाली असतील तर डिझेल पोहोचले तरी हवा तापणार नाही. त्याच वेळी मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, चावी फिरवण्यापूर्वी १२.६ व्होल्टच्या जवळपास आकडा हवा, १२.२ म्हणजे बॅटरी साधारण अर्धीच भरलेली आहे. सेल्फ फिरत असताना तो ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी नवी असूनही वेग कमी असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला लावून सेल्फ मारा. तेथे पाव व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती साफ असूनही सेल्फ मंद असेल तर सेल्फमधले कार्बन आणि बुश पाहायला लावा. इंजिन ऑइल कोणते भरले आहे तेही पाहा; गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० सांगितलेले असताना जुने इंजिन म्हणून त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० भरले असेल, तर निफाडच्या जानेवारीत सेल्फवर त्याचा भार पडतो.

धूर न येण्याचे हवेखेरीज दुसरे एक कारण संभवते आणि ते तपासायला पाच मिनिटे लागतात. काही गाड्यांत पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर तो ‘टिक’ असा आवाज करून डिझेलची वाट उघडतो. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली गेले किंवा त्याच्या तारेचा जोड गंजलेला असला, तर तो अर्धवट उघडतो किंवा मिटतो. तुमच्या गाडीत सोलेनॉइड नसून ओढायची स्टॉप केबल असेल, तर पंपावरचा दांडा केबल सोडल्यावर पूर्ण मागे येतो की मध्येच अडकतो, हे डोळ्यांनी पाहा. कोरड्या पडलेल्या केबलमुळे तो थंडीत अडकून राहतो.

हीटर प्लगचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. थेट पिस्टनवर डिझेल उडवणाऱ्या बऱ्याच डीआय इंजिनांना ते नसतातच, तेव्हा आधी ते आहेत का ते पाहा. असतील तर तार काढून मल्टिमीटरने रोध मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. परंतु धूर नसताना प्लगच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी मात्र करू नका. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणे हा गॅरेजांतला लाडका उपाय आहे. पेट्रोलची वाफ आणि ईथर पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच भडकतात, त्या धक्क्याने रिंगा आणि पिस्टनचे कंगोरे तुटतात, आणि हीटर प्लग असलेल्या गाडीत तर फिल्टरपर्यंत आग येऊ शकते. आज ज्याची गरज नाही ते हाफ इंजिन अशाने खरोखर करावे लागेल. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. पंधरा-वीस सेकंद सलग मारून तुम्ही नव्या बॅटरीइतकाच सेल्फलाही मार देत आहात. एअर काढताना नोझलचा नट सैल करून सेल्फ मारतात, तेव्हा हात आणि चेहरा लांब ठेवा, कारण त्या दाबाची डिझेलची धार कातडीत घुसते. आणि तुमच्या शेजाऱ्याकडे नवी कॉमन रेल गाडी असेल, तर तिच्यावर हा नट सैल करण्याचा प्रयोग अजिबात करू नये. तेथील दाब याच्या कित्येक पट असतो.

आता कॉम्प्रेशनचे. डिझेलच्या वाटेतील सारे दुरुस्त करून, प्रायमर घट्ट, वेग पुरेसा, आणि तरीही गाडी सकाळी पहिल्या सेकंदापासून भरपूर पांढरा धूर सोडत राहिली पण पकडत नसेल, तर मिस्त्रीचे म्हणणे तपासण्याची वेळ आली. आधी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचे काम, करून घ्या. व्हॉल्व्हची फट कमी पडली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन विनाकारण कमी दिसते. मग इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहा : थोडी वाफ येणे ठीक, पण झाकण उडवील असा जोराचा धूर भपक्यांनी येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. दोन ऑइल बदलांच्या मध्ये किती ऑइल वर भरावे लागते तेही सांगा. काहीच भरावे लागत नसेल तर मला तुमच्या इंजिनाची फारशी काळजी वाटत नाही.

त्यानंतरही शंका राहिली तर मिस्त्रीला हाताच्या अंदाजाने नव्हे, गेज लावून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायला सांगा आणि आकडे तुमच्यासमोर कागदावर लिहून घ्या. चांगल्या डीआय इंजिनात हे आकडे साधारण २५ ते ३० बारच्या (बार हे दाबाचे एकक) घरात असतात. तुमच्या इंजिनासाठी नेमकी मर्यादा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तिच्याशी ते ताडून पाहा. एकच सिलिंडर खाली असेल आणि बाकी तीन बरोबरीचे असतील तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचे काम निघेल, पूर्ण हाफ इंजिनचे नव्हे. चारही सिलिंडर २० बारच्या आसपास किंवा त्याखाली आले, झाकणातून भपके येत असले आणि गाडी ऑइलही खात असली, तर ७०,००० रुपयांचा विचार करा. पण तेव्हाही द्राक्षांचा माल निघून जाईपर्यंत थांबा, कारण फेब्रुवारीनंतर सकाळचा गारठा ओसरला की असे इंजिनसुद्धा सहज सुरू होते आणि ऐन हंगामात गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी ठेवणे तुम्हाला परवडणारे नाही.